कन्सोल भारी आहे, पण गिऱ्हाईक कुठं आहे?



प्रत्येक बॅचमध्ये एकतरी पोरगा हा प्रश्न घेऊन येतोच. “सर, गेमिंगचं मार्केट लय मोठं हाय म्हणतात. आपल्या चांदूर बाजारात प्लेस्टेशन, एक्सबॉक्सचं एकही दुकान नाई. मंग मी टाकू का?” त्याचा हिशोब सरळ असतो. गावात पोरं भरपूर, सगळी गेम खेळतात, आणि दुकान एकही नाही. म्हणजे कॉम्पिटिशन शून्य, धंदा शंभर टक्के.

माझं मत आधीच सांगतो, मग कारणं देतो. उसने पैसे घेऊन कन्सोलचा स्टॉक भरू नका. वस्तू वाईट आहे म्हणून नाही. वस्तू एक नंबर आहे. पण चांगली वस्तू आणि विकली जाणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजायला गेमिंग कन्सोलइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. तुम्ही कन्सोल विकणार नसाल, फवारणी पंप किंवा शिलाई मशीन विकणार असाल, तरी हा लेख शेवटपर्यंत वाचा.

मागणी आहे, पण कशाची?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये पब्जी मोबाईल आला. आपल्या तालुक्यातल्या पारावर, बसस्टँडवर, संत्र्याच्या बगिच्यात पोरं मान खाली घालून बसलेली दिसू लागली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जीवर बंदी आणली, २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारतासाठी बीजीएमआय नावानं परत आला, आणि पोरं पुन्हा बसली. म्हणजे गेम खेळायची हौस आहे, यात वाद नाही.

पण त्या पोरानं खर्च किती केला ते बघा. मोबाईल घरात आधीच होता. रिचार्ज बापानं केला होता. गेम फुकट होती. त्याच्या खेळण्याची किंमत त्याच्या खिशातून जवळपास शून्य. आता तुम्ही त्याला म्हणता की पन्नास हजारांचा डबा घे. तो डबा मोबाईलपेक्षा दहापट भारी खेळवतो हे खरं. पण त्याच्या मनात तुलना डबा आणि डब्याची होत नाही, फुकट आणि पन्नास हजारांची होते.

आपण नवीन लोक इथंच घसरतो. “लोक गेम खेळतात” याचा अर्थ आपण “लोक गेमसाठी पैसे देतील” असा घेतो. लोक पाणी पितात म्हणून सगळे बाटलीतलं पाणी विकत घेत नाहीत. मागणी मोजायची असेल तर लोक काय करतात ते बघू नका. त्यासाठी खिशातून किती काढतात ते बघा.

गिऱ्हाईकाला वस्तू कळली नाही तर ते विचारत बसत नाही, निघून जातं

आता जरा जगाकडे बघू. जपानची निन्टेन्डो ही गेमिंगमधली जुनी, मोठी कंपनी. तिचा ‘वी’ नावाचा कन्सोल २००६ मध्ये आला. हातात छोटी काडी धरायची आणि खरोखर हात फिरवून टेनिस, बॉलिंग खेळायचं. आजी-आजोबांनाही जमायचं. दहा कोटींहून जास्त नग विकले गेले. मग २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनं पुढचा कन्सोल आणला आणि नाव ठेवलं ‘वी यू’. सोबत स्क्रीन असलेला मोठा कंट्रोलर होता, आणि जाहिरातीत तोच कंट्रोलर जास्त दिसायचा.

झालं काय, तर कितीतरी लोकांना हा नवीन कन्सोल आहे हेच कळलं नाही. त्यांना वाटलं, आपल्या जुन्या वी ला जोडायचा नवा कंट्रोलर आला असेल. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनाही मान्य करावं लागलं की लोकांचा असा गैरसमज होतोय. शेवटी वी यू चे एकूण १ कोटी ३५ लाखांच्या आसपास नग विकले गेले. आधीच्याच्या सातव्या हिश्श्याइतके. फक्त नावामुळं असं झालं असं मी म्हणत नाही. बाहेरच्या कंपन्यांनी त्याच्यासाठी गेम बनवणंही हळूहळू थांबवलं. पण सुरुवात “हे आहे काय?” या प्रश्नापासून झाली.

त्याच कंपनीनं मार्च २०१७ मध्ये ‘स्विच’ आणला. टीव्हीला जोडा, नाहीतर उचलून हातात घ्या. जाहिरात दहा सेकंद बघितली की कळायचं. त्याचे १५ कोटींहून जास्त नग गेले. कंपनी तीच, पण वस्तू समजायला सोपी.

आता तुमच्या काउंटरवर या. बाप पोराला घेऊन आला. डब्यावर काय लिहिलंय? ‘डिस्क एडिशन’, ‘डिजिटल एडिशन’, ‘फोर-के’, ‘एक टीबी’. एक्सबॉक्सचं तर आणखी अवघड. एक ‘सिरीज एक्स’, एक ‘सिरीज एस’, त्याआधीचा ‘वन एक्स’ आणि ‘वन एस’. बाप विचारतो, “याच्यात अन त्याच्यात फरक काय जी?” तुम्ही पाच मिनिटं समजावता. बाप मान हलवतो, “बरं, सांगतो विचारून,” म्हणतो आणि जातो. तो परत येत नाही. ज्याला आपण अडाणी आहोत असं वाटायला लागतं, तो माणूस त्या दुकानात पैसे काढत नाही. आपल्या कोणत्याही वस्तूला हेच लागू आहे. घरी बायकोला किंवा आईला एका वाक्यात सांगता येईल असं काहीतरी गिऱ्हाईकाच्या तोंडी द्या.

किंमत डब्यावर असते, खर्च डब्याच्या मागे असतो

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्कवाला ४९,९९० रुपये, बिनडिस्कचा ३९,९९०. आता वही घ्या आणि सोबत लिहा.

डिस्कवाला कन्सोल: ४९,९९०.
भावाला किंवा मित्राला सोबत खेळायचं तर दुसरा कंट्रोलर: ५,९९०.
नवीन मोठी गेम एक घ्या ४,९९९ ची. एकावर कोणी थांबत नाही, म्हणून दोन धरू: ९,९९८.
बेरीज: ६५,९७८ रुपये.

ही आल्यावेळची किंमत. त्यात टीव्ही धरलेला नाही. मोठ्या गेम डाऊनलोड करायला ९०-१०० जीबी लागतात. मोबाईलवर रोज दीड जीबी मिळत असेल तर ९० जीबीची एक गेम उतरवायला ६० दिवस, तेही दुसरं काही न बघता. म्हणजे घरात ब्रॉडबँड हवं. उन्हाळ्यात लाईन येते-जाते, व्होल्टेज खालीवर होतं. पन्नास हजारांची वस्तू उघड्या प्लगवर कोण ठेवेल? म्हणून यूपीएस हवा. ऑनलाईन मित्रांसोबत खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमना वेगळी वर्गणी लागते.

सहसा इलेक्ट्रॉनिक वस्तू जुनी झाली की स्वस्त होते. इथं उलटं झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये डिस्कवाल्या प्लेस्टेशन ५ ची भारतातली किंमत ५४,९९० झाली. सरकारनं १ जानेवारी २०१९ पासून कन्सोलवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला होता, तरी माल बाहेरून येतो, आणि डॉलर, आयात शुल्क, वाहतूक हे सगळं शेवटी गिऱ्हाईकाच्या बिलात येतं.

गिऱ्हाईक मूर्ख नसतं, मित्रांनो. आपला शेतकरी ट्रॅक्टर घेताना आधी डिझेल किती पितो ते विचारतो. तो डब्याची किंमत ऐकून गप्प होतो, कारण डोक्यात मागचा खर्च मोजत असतो. “मागून अजून काय काय लागते?” हा प्रश्न त्याच्या तोंडून आला नाही तरी मनात आलेलाच असतो.

खेळणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा

मला वाटतं, आपल्या भागात सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. कन्सोल पाहिजे पोराला, पैसे आहेत बापाकडं. आणि बापाकडं पैसे रोज नसतात. आपल्या तालुक्यात पैसा कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या सौद्याला एकदम येतो. ज्या दिवशी येतो त्या दिवशी त्याच्यासमोर यादी तयार असते: सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, मोटार दुरुस्ती, ठिबक, पोरीची अमरावतीची फी, पोराचे अकोल्याचे नीटचे क्लासेस. तुमच्या प्लेस्टेशनची स्पर्धा एक्सबॉक्सशी नाही. ठिबकच्या नळीशी आणि क्लासच्या फीशी आहे. या लढाईत खेळण्याचा डबा जिंकेल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

वर ‘गेम’ या शब्दाचीच बदनामी झालेली. बापाच्या कानावर गेम म्हणजे पब्जी बंदी, गेम म्हणजे रमीच्या जाहिराती, गेम म्हणजे पैसे हरलेलं पोरगं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदाच केला. कन्सोलचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण बाप दोन्ही एकाच टोपलीत टाकतो. “पोरगं बिघडते न बाप्पा!” एवढं म्हटलं की सौदा संपला.

आता गंमत बघा. हाच बाप पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप घेऊन देतो. का? “अभ्यासाले पाह्यजे.” पोरगं त्यावर संध्याकाळी गेमच खेळतं, हे बापालाही माहीत असतं. पण शेजाऱ्याला सांगायला, स्वतःला समजवायला एक कारण मिळालेलं असतं.

हे फक्त वऱ्हाडातच घडतं असं नाही. सोनीचा प्लेस्टेशन २ हा कन्सोल २००० मध्ये आला आणि त्याचे १५ कोटींहून जास्त नग विकले गेले. गेम चांगल्या होत्याच. पण त्यात डीव्हीडीही चालायची. तेव्हा डीव्हीडी प्लेअर महाग होता. कितीतरी घरांमध्ये पोराला गेम मिळाली आणि बाकी घराला सिनेमा. एका डब्यात दोघांचं समाधान.

सोनीनं भारतातही प्रयत्न केले. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान: बॉय वॉरियर’ ही गेम इथंच बनवून घेतली. कबड्डी, पतंग, गोट्या असे खेळ असलेली ‘देसी अड्डा’ही त्याच सुमारास आली. कल्पना चांगली होती, पण तेवढ्यानं घराघरात कन्सोल गेले नाहीत. उलटं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ ही गेम बनवली. आपल्या पुराणकथांवरची, जगभर कौतुक झालेली. ती ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी कोणत्या कन्सोलवर आली? निन्टेन्डो स्विचवर, ज्याची भारतात अधिकृत विक्रीच नव्हती. त्यांचं काही चुकलं नाही. पैसे देणारं गिऱ्हाईक जिथं होतं, तिथं ते आधी गेले. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं, ते चांदूर बाजारात बसून आपल्यालाही दिसायला पाहिजे.

एकाची वस्तू दहाजणांनी वापरायची आपली रीत

आपल्याकडं पुस्तक, सायकल, फवारणी पंप, सगळं हातोहात फिरतं. विकत घेताना माणूस मनात म्हणतो, नाही जमलं तर अर्ध्या किमतीत विकून टाकू. परत विकता येण्याची सोय हीसुद्धा गिऱ्हाईकासाठी एक प्रकारची गॅरंटी असते.

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा नियम असे ठेवले होते की कन्सोलनं दर २४ तासांनी इंटरनेटला हजेरी लावायची, आणि जुनी गेम दुसऱ्याला द्यायची-विकायची तर अटी. लोक चिडले. सोनीनं संधी साधून एक छोटा व्हिडिओ काढला: प्लेस्टेशन ४ ची गेम मित्राला कशी द्यायची? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, बस. मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांतच ते नियम मागे घेतले. पण त्यांचा डबा ४९९ डॉलरचा, सोनीचा ३९९ चा, आणि लोकांच्या मनात बसायचं ते बसून गेलं होतं.

विचार करा, अमेरिकेतल्या गिऱ्हाईकालाही “उद्या ही वस्तू माझी राहील का, मला विकता येईल का” याची एवढी काळजी. मग आपल्याकडच्या गिऱ्हाईकाला किती असेल? बिनडिस्कचा कन्सोल स्वस्त दिसतो, पण त्यावरची घेतलेली गेम ना मित्राला देता येते, ना जुन्या बाजारात विकता येते. आणि जुना कन्सोल विकायचा तर चांदूरात घेणार कोण? बिघडला तर अमरावती, नाहीतर नागपूर. मोबाईलचं तसं नाही. तो गावात दुरुस्त होतो, गावात विकला जातो. मोबाईल एवढा खपतो त्याचं अर्धं कारण दुरुस्तीच्या त्या टपऱ्या आहेत.

आणि यात तुमचं, दुकानदाराचं काय?

आतापर्यंत गिऱ्हाईकाची बाजू बघितली. आता गल्ल्याच्या या बाजूला बसा.

२०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत एपिक विरुद्ध ॲपल असा खटला चालू होता. तिथं मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सचा कन्सोल विकून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. मग कमाई कुठून? गेममधून, वर्गणीतून, दुसऱ्या कंपन्यांच्या गेम विकल्यावर मिळणाऱ्या हिश्श्यातून. डबा म्हणजे फक्त दार. एकदा दार घरात बसलं की पुढची सगळी ये-जा कंपनीच्या खात्यात.

आता सांगा, ज्या डब्यावर बनवणारी कंपनी स्वतः कमावत नाही, त्यावर चांदूर बाजारातल्या दुकानदाराला किती सुटणार? आधी डिस्क तरी होती, गिऱ्हाईक दर दोन महिन्यांनी गेम घ्यायला दुकानात यायचं. आता तो घरी सोफ्यावर बसून डाऊनलोड करतो. डबा तुम्ही विकायचा, उधारी तुम्ही सांभाळायची, “सर, कंट्रोलर चालत नाई” हे तुम्ही ऐकायचं, आणि पुढची दहा वर्षांची कमाई दुसऱ्याची.

आणि भांडवल बघा. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात कर्ज मिळतं ५०,००० रुपयांपर्यंत. प्लेस्टेशन ५ ची आल्यावेळची किंमत ४९,९९०. म्हणजे अख्खं कर्ज एका डब्यात, वर दहा रुपये शिल्लक. किंमत वाढल्यावर तर डिस्कवाला एकही बसत नाही. त्याच पन्नास हजारांत चार्जर, केबल, टेम्पर्ड ग्लास, इअरफोनचा माल भरला तर तो महिन्या-दीड महिन्यात फिरतो, आणि फिरलेला पैसा पुन्हा कामाला लागतो. कन्सोल काचेच्या कपाटात बसला की तुमचा हप्ताही तिथंच बसला. बँक विचारत नाही की डबा विकला का. ती तारखेला हप्ता मागते.

“पण सर, प्लेस्टेशन ५ तर मिनिटांत संपला होता!”

हो, खरं आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारतात प्री-बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत स्टॉक साफ झाला. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तुम्ही बापाला पटवताना हाच सांगणार आहात.

पण दोन गोष्टी बघा. एक, तेव्हा जगभर चिपचा तुटवडा होता आणि माल फार थोडा आला होता. थोडा माल लवकर संपला म्हणजे मागणी अफाट आहे असं होत नाही. लग्नात वीस माणसांना पुरेल एवढाच गुलाबजाम केला तर तो पहिल्या पंगतीतच संपणार. दुसरं, घेणारे कोण होते? बहुतेक मुंबई-पुणे-बंगळुरूसारख्या शहरांतले, स्वतःच्या पगारातून घेणारे, ऑनलाईन ऑर्डर करणारे. म्हणजे खेळणारा आणि पैसे देणारा एकच. असं गिऱ्हाईक आपल्या तालुक्यातही दहा-वीस असेल. पण तो तुमच्या दुकानात येण्याआधी मोबाईलवर भाव बघतो, क्रेडिट कार्डच्या बिनव्याजी हप्त्यावर घेतो, आणि डबा कुरिअरनं घरी येतो. त्याच्यासाठी स्टॉक भरून ठेवायची गरज नाही. कोणी मागितलाच तर आधी अ‍ॅडव्हान्स घ्या, मग माल मागवा.

मग करायचं काय? आकाशपाळण्याकडं बघा

आपल्या तालुक्यात बहिरमची यात्रा भरते. हंडीतलं मटण आणि रोडग्यांसाठी लोक लांबून येतात. तिथं आकाशपाळणाही लागतो. आजवर एकाही माणसानं घरी नेण्यासाठी आकाशपाळणा विकत घेतलेला नाही. तरी पाळणेवाल्याचा धंदा होतो, कारण तो पाळणा विकत नाही, फेरी विकतो.

जुन्या लोकांना विचारा. व्हीसीआर आला तेव्हा तो सामान्य घराच्या आवाक्यात नव्हता. म्हणून लोक एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्यानं आणायचे आणि अख्खी गल्ली अंगणात बसायची. ज्यानं भाड्यानं दिला, त्यानं त्या वस्तूचं ओझं स्वतःवर घेतलं आणि गिऱ्हाईकाला फक्त मजा विकली.

कन्सोलचं आपल्या गावातलं रूप असलंच तर हे आहे: तासावर खेळायला देणं. पण इथंही डोळे झाकून उडी मारू नका. हिशोब करू. समजा तासाला ४० रुपये, दिवसाला ५ तास, महिन्यात २५ दिवस. झाले ५,००० रुपये. लाईट बिल, कंट्रोलरची दुरुस्ती, नवीन गेमसाठी १,५०० बाजूला काढा. उरले ३,५००. वरच्या हिशोबातले जवळपास ६६,००० निघायला १९ महिने. त्यात टीव्ही आणि जागेचं भाडं धरलेलं नाही, आणि परीक्षेच्या महिन्यांत पोरं येणार नाहीत तेही धरलेलं नाही. म्हणून फक्त यासाठी गाळा घेतला तर पोट भरणार नाही. पण आधीच झेरॉक्स, मोबाईल रिपेअरिंग किंवा चहा-नाश्त्याचं दुकान असेल, मागची खोली रिकामी असेल आणि एक सेकंडहँड कन्सोल मिळत असेल, तर जोडधंदा म्हणून विचार करा. कन्सोल आणि गेमचा परवाना बहुतेक घरगुती वापरापुरता असतो, म्हणून व्यवसायासाठी काय चालतं ते आधी वाचा. नगरपरिषदेची आणि आगीच्या सुरक्षेची परवानगी घ्या. आणि शाळेच्या वेळेत गणवेशातलं पोरगं आत घेऊ नका. गावात एकदा नाव गेलं की परत येत नाही.

कोणताही माल भरण्याआधी हे पाच प्रश्न

१. माझं गिऱ्हाईक ही वस्तू घरी एका वाक्यात समजावू शकेल का?

२. वस्तू घेतल्यावर वर्षभरात अजून किती खर्च येतो, आणि तो मी त्याला आधीच सांगणार आहे का?

३. वापरणारा कोण, पैसे देणारा कोण? देणाऱ्याच्या हातात मी कोणतं कारण देतोय?

४. बिघडली तर गावात दुरुस्त होते का? नको झाली तर गावात विकली जाते का?

५. पहिल्या विक्रीनंतर गिऱ्हाईक माझ्याकडं परत कशासाठी येणार?

हे पाच प्रश्न बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाला लावून बघा. समजायला सोपा. घेणारा आणि वापरणारा शेतकरी एकच. नोझल, वॉशर, चार्जर गावात मिळतो. बिघडला तर गावात दुरुस्त होतो. हंगामाला गिऱ्हाईक परत येतं. पाचही प्रश्नांना उत्तर आहे, म्हणून तो दुकानाबाहेर लाईनीनं मांडलेला दिसतो. कन्सोलला यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर आपल्या गावात आज मिळत नाही. पाच-सात वर्षांत मिळेलही. ब्रॉडबँड वाढतंय, आज बीजीएमआय खेळणारी पोरं उद्या कमावती होतील, स्वतःच्या पैशानं घेतील. तेव्हा मी हाच लेख बदलून लिहीन. पण धंदा आजच्या गिऱ्हाईकावर चालतो आणि कर्जाचा हप्ता याच महिन्याच्या तारखेला असतो.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या डोक्यात जी वस्तू आहे तिचं नाव वहीत लिहा आणि पाचही प्रश्नांची उत्तरं लिहा. मग दहा अशा घरी जा जिथं ती वस्तू विकली जाईल असं तुम्हाला वाटतं. “घ्याल का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, “मागच्या वर्षी अशा कामासाठी किती पैसे खर्च केले?” दहापैकी सात जण शून्य म्हणाले, तर वही बंद करा आणि दुसऱ्या वस्तूचं नाव लिहा. त्यात तुमचा फक्त एक आठवडा गेला असेल, घरच्यांचे पन्नास हजार तसेच राहिले असतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. पुढचा विषय आहे उधारीची वही.